एअरकाका

डिझेलची गाडी सकाळी सुरू होत नाही तेव्हा मालकाला तीन आवाज ऐकू येतात. पहिला सेल्फचा, दुसरा बायकोचा, आणि तिसरा, अजून बॉनेटचा खटकाही ओढलेला नसताना, पाठीमागून येणारा: "एअर धरलीय."

हा तिसरा आवाज आमच्या सोसायटीत ज्यांचा आहे त्यांना सगळे एअरकाका म्हणतात. तोंडावर नुसतं काका. पण असा गृहस्थ फक्त आमच्याकडेच आहे अशा भ्रमात मी नाही. खंबाटकीच्या चढावर, कराडच्या स्टँडसमोर, मंगल कार्यालयाच्या मागच्या पार्किंगमध्ये, जिथं म्हणून डिझेलची गाडी बॉनेट वर करून उभी राहते तिथं हा प्रकट होतो. त्याला कुणी बोलावलेलं नसतं. त्याला पैसे नको असतात, चहाही चालून जाईल इतपतच हवा असतो. त्याला हवी असते ती गाडीची तक्रार. तीही पहिल्यापासून, सविस्तर, आणि मधे कुणी न बोलता.

काका एसटीच्या वर्कशॉपात पंपरूमला होते. पंप म्हणजे पाण्याचा नव्हे, हे ते पहिल्याच भेटीत स्पष्ट करतात. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते. डिझेलमध्ये ती भानगड नाही. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापते, आणि नेमक्या क्षणी तीत डिझेलचा फवारा मारायचा. तो फवारा मारणारे पंप आणि नोझल हेच काय ते इंजिन. बाकी सगळं, काकांच्या मते, ओतीव लोखंड. पंपातल्या बॅरल आणि एलिमेंटमधली फट दोन-तीन मायक्रॉनची, म्हणून पंपरूमच्या खिडक्या बंद, आत तंबाखूला बंदी आणि पुसायला धागे न सुटणारं फडकं. निवृत्त झाल्यावर काकांनी हे नियम घरी लावायला घेतले. काकूंनी पहिले दोन ऐकले. फडक्यावरून मात्र बरेच दिवस अबोला होता.

लोक नाशिकला जातात ते पंचवटीत उतरतात, काळारामाचं दर्शन घेतात. काका मायको सर्कलला उतरतात. तिथून सातपूर, जिथं नोझल तयार होतात तो कारखाना. कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं, पण तो चौक आणि काका दोघंही अजून मायकोच म्हणतात. रुडॉल्फ डिझेलबद्दल मात्र त्यांचं मत फारसं बरं नाही. डिझेलसाहेबानं आपलं इंजिन १८९७ साली आउग्सबुर्गला चालवून दाखवलं ते खरं, पण त्यात आजच्यासारखा पंप नव्हता. दाबलेल्या हवेच्या झोताबरोबर इंधन आत फुंकलं जायचं. ही गोष्ट काकांना कळली त्या दिवशी ते संध्याकाळी खास माझ्याकडे आले. "म्हणजे बघा," ते म्हणाले, "यानं मुळात एअर स्वतःच्या हातानं घातली होती." पुढं १९१३ च्या सप्टेंबरात हा माणूस इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून रात्रीत नाहीसा झाला, त्याची जगाला हळहळ वाटते. काकांना वाटते ती अशी की १९२७ साली बॉशनं पंप बाजारात आणला, तो पाहायला हा राहिला नाही.

माझ्याकडे पेट्रोलची गाडी आहे. त्यामुळे काकांच्या लेखी मी माणूस बरा, पण बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. ते मला फक्त ॲव्हरेज विचारतात, तेही एसटीच्या भाषेत. एसटीत ॲव्हरेज लिटरवर मोजत नाहीत, दहा लिटरवर मोजतात आणि त्याला केपीटीएल म्हणतात. "काय, केपीटीएल किती पडतंय?" असं लिफ्टमध्ये विचारल्यावर नवीन भाडेकरू आधी आपल्या रक्तातली साखर सांगतात.

काकांच्या शर्टाच्या खिशात चष्मा, पेन्शनच्या कागदाची घडी आणि वीतभर पारदर्शक नळी असते. नळी सलाईनची आहे. काकूंना डेंग्यू झाला तेव्हा दवाखान्यातून ती आली. सिस्टरनं सलाईन लावण्याआधी नळीतला बुडबुडा टिचकी मारून बाहेर काढला, तेव्हा काका खुर्चीतून उठलेच. "काय काढलंत?" सिस्टर म्हणाली, "एअर." काकांनी वॉर्डातल्या सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. तीस वर्षं आपण जे सांगत आलो ते वैद्यकशास्त्रालाही मान्य आहे, हे त्या दिवशी सिद्ध झालं. सलाईन संपल्यावर नळी कचऱ्यात जाऊ नये म्हणून ते रात्रभर जागे राहिले. दवाखान्यात त्याचा अर्थ पत्नीप्रेम असा लावला गेला.

या नळीचा उपयोग काय, ते दोनशे चारवाल्यांच्या गाडीच्या वेळी आम्ही सगळ्यांनी पाहिलं. त्यांची जुनी हॅचबॅक. थंडी पडली की सकाळी सेल्फ मारमार मारावा तेव्हा सुरू व्हायची. कुणीतरी बॅटरी सांगितली, त्यांनी बॅटरी बदलली. कुणीतरी हीटर प्लग सांगितले, चारही बदलले. मेव्हण्यानं नोझल सांगितले, तेव्हा त्यांनी मेव्हणा बदलता येत नाही म्हणून काकांना गाठलं.

काका गाडीला हात लावत नाहीत. आधी जबानी.

"किती वेळ उभी होती?"

"रात्रभर."

"दुपारी दोन तास उभी केली तर?"

"लगेच सुरू होते."

"सुरू झाल्यावर पहिलं मिनिटभर अडखळते?"

"हो, आणि मग एकदम मऊ."

"रात्री तोंड कुठं होतं?"

"माझं?"

"गाडीचं हो. तुमच्या तोंडाशी मला काय करायचंय?"

तोंड उताराच्या वरच्या बाजूला होतं. आमच्या पार्किंगला रॅम्प आहे, आणि दोनशे चारवाले रात्री उशिरा येत असल्यामुळे त्यांना रॅम्पवरच जागा मिळते. काकांचा चेहरा उजळला. मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्यासारख्या पेट्रोलवाल्यालाही कळलं. या जुन्या गाड्यांच्या टाकीत मोटर नसते. इंजिनावरचा पंपच टाकीतून डिझेल ओढून घेतो. ओढणीच्या पायपाला कुठं फट असेल तर तिथून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. "उसाचा रस नळीनं पिताना नळीला वरच्या बाजूला भोक असलं तर रस सांडतो का? नाही. नुसता फुर्र आवाज, आणि ओढायचं थांबवलं की रस पेल्यात परत." म्हणून सगळे मेकॅनिक बॉनेट उघडून बघतात तर आत कोरडं ठणठणीत, काही गळत नाही, आणि मग ते बॅटरीवर घसरतात. रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरतं, सकाळी पंपाच्या वाट्याला फेस येतो.

"आज तोंड खाली करून लावा," काका म्हणाले. "आणि जुनं वर्तमानपत्र द्या. पुरवणी असली तर बरं, कागद जरा जाड असतो."

मागची बाजू वर आली की टाकी पंपापेक्षा उंचावर जाते. मग ज्या फटीतून हवा आत जात होती तिथूनच डिझेल बाहेर डोकावतं. सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली आणि खाली पुरवणीवर एक डाग मिळाला. पुरवणी ज्या रविवारची होती त्यात माझा लेख होता, आणि डाग लेखाच्या बरोब्बर मधोमध. काकांनी बोट वर वर नेत डागाच्या उगमाशी, फिल्टरवरच्या हातपंपाच्या रबरी रिंगेपाशी आणून ठेवलं. रिंग कडक होऊन चिरली होती. खात्रीसाठी त्यांनी पंपाच्या तोंडाशी सलाईनची नळी जोडली, गाडीचं तोंड पुन्हा वर केलं, आणि आम्हा सगळ्यांना ओळीनं वाकून बुडबुडे बघायला लावलं. रिंग बदलायचा खर्च बॅटरीच्या रिक्षाभाड्याहून कमी आला.

गंमत पुढंच आहे. रिंग बदलल्यावर दोनशे चारवाल्यांच्या घरात पेढे आले. काका मात्र दोन दिवस मलूल होते. गाडी सुरू होणं ही त्यांच्या दृष्टीनं गोष्टीची अखेर. त्यांना गोष्ट लांबलेली आवडते. तिसऱ्या दिवशी ते दोनशे चारवाल्यांना जिन्यात म्हणाले, "बघा हं, कुठं काही वाटलं तर," आणि त्यांच्या आवाजात चक्क विनवणी होती.

त्यांचा एक नियम आहे आणि मला तो पटतो. आधी फुकटचं बघायचं, मग स्वस्तातलं, आणि महागातलं सगळ्यात शेवटी. टाकीचं झाकण उघडून फुस्स आवाज येतो का ऐकायला पैसे पडत नाहीत. येत असेल तर झाकणाची हवेची वाट बुजली आहे आणि टाकीतली पोकळी पंपाला डिझेल सोडू देत नाही. फिल्टरच्या बुडाचा स्क्रू ढिला करून बाटलीत पाणी उतरतं का पाहायलाही पैसे पडत नाहीत. मग क्लिपा, रबरी पाइप, फिल्टर. मग सोलेनॉइडला करंट येतो का. त्यानंतर नोझल, आणि पंप अगदी शेवटी, तोही हात थरथरत. बाहेर मी जे पाहिलंय त्यात हा क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. महागडा भाग बदलून रोग राहिला तर मधला खर्च दुरुस्तीचा नसतो, शिकवणीचा असतो, आणि तोही मालकानं दुसऱ्याच्या शिकवणीचा केलेला.

धुराबद्दल काका थोडक्यात बोलतात. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आधी एअर फिल्टर बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय, माझ्याकडे येऊ नका. पांढरा आणि डोळ्याला झोंबणारा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय. पांढरा आणि गोडसर वासाचा म्हणजे कूलंट, मग रिक्षा करा. हा वास ते सायलेन्सरमागं उकिडवे बसून घेतात. पहाटे फिरायला निघालेल्या बायका सुरुवातीला वळसा घालून जायच्या, आता "काय, आज कसला?" असं विचारून पुढं जातात.

डिझेलच्या गाडीपेक्षा तिचा मालक तपासायला अवघड, असं काकांचं मत आहे, कारण गाडी खोटं बोलत नाही. "डिझेल कुठं भरलं?" या प्रश्नाला कुणीही सरळ उत्तर देत नाही. एकदा चारशे एकवाल्यांची गाडी फाटकातच खड खड करून गप्प झाली. ते म्हणाले, अचानक. काका म्हणाले, कधी भरलं? ते म्हणाले, परवा. काकांनी टाकीचं झाकण काढलं, नळीनं थेंबभर काढलं आणि चारशे एकवाल्यांच्या तळहातावर सोडून बोटानं पसरलं. हात गार पडला आणि क्षणात कोरडा झाला. डिझेल असं उडून जात नाही, ते तेलकट राहतं. "हे परवाचं नाही, आत्ताचं आहे, आणि पेट्रोल आहे," काका म्हणाले. मग हळूहळू भाचा बाहेर आला. आपल्याकडे डिझेलच्या गाडीत पेट्रोल नेहमी भाचाच भरतो. काकांनी किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली. डिझेलचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो. पेट्रोलमध्ये ते वंगण नाही. दोन मिनिटं जास्त फिरवला की पंप आतून खरवडतो आणि तो कीस थेट नोझलपर्यंत जातो. भाच्याची समजूत होती की महाग ते घातलं म्हणजे गाडीला चांगलंच.

आता काका कधी चुकतच नाहीत असं वाटेल, म्हणून जीपचा रविवार सांगायला हवा. मागच्या बंगल्यातली जुनी जीप रस्त्यातच थांबली. काकांनी लांबूनच निदान केलं. फिल्टरवरचा स्क्रू ढिला, हातपंप मारा, फेस. परत मारा, परत फेस. पंपाचा स्क्रू, मग चारी नोझलांचे नट सतराच्या पान्यानं ढिले, सेल्फ, फेस. उन्हं डोक्यावर आली, जीपवाल्यांचे दोन्ही मुलगे हातपंप मारून मारून भांडायला लागले. शेवटी एका शाळकरी पोरानं टाकीत काठी घातली आणि ती कोरडी बाहेर काढली. काट्याचा तरंगा अडकल्यामुळे डॅशबोर्डवर अर्धी टाकी दिसत होती. सगळे काकांकडे बघायला लागले. काकांनी हात पुसले, चष्मा लावला आणि म्हणाले, "मग मी सकाळपासून काय सांगतोय? टाकीत डिझेल नसलं की काय असतं? एअरच."

यांच्या आयुष्यात खरी आपत्ती आली ती कॉमन रेलची. आमच्याकडे २००७ नंतर ती भराभर वाढली. त्यातलं १.३ लिटरचं इंजिन रांजणगावला तयार होतं म्हणताच काकांना आधी आनंद झाला, महागणपतीचं गाव म्हणून. नंतर त्यांनी बॉनेट उघडून पाहिलं. पंप होता, पण त्याच्यावर टायमिंगचं काही नव्हतं. तो नुसता दाब तयार करून एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, साठवणार, आणि फवारा कधी, किती वेळा मारायचा ते कॉम्प्युटर ठरवणार. म्हणजे पंपरूममधल्या माणसाला पंपाशी बोलायला जागाच उरली नाही. काही महिने काका अशा गाड्यांजवळून जाताना मान वळवून जात.

मग तीनशे दोनवाल्यांची गाडी आजारी पडली. चढावर पाय दाबला की पिवळा दिवा आणि ताकद खलास. बाजूला थांबवून दहा मिनिटांनी किल्ली फिरवली की जसं काही झालंच नाही. एका वर्कशॉपनं कोड वाचून दाखवला: पी ००८७, रेलमधला दाब कमी. इलाज म्हणून पंप आणि चारही इंजेक्टर, अंदाजपत्रक लाखाच्या वर. तीनशे दोनवाल्यांनी दुसरं मत म्हणून भोसरीच्या एका डिझेल लॅबच्या पोराला स्कॅनर घेऊन घरी बोलावलं. काका तिथं होतेच.

पोरगा लॅपटॉप उघडतोय तोवर काकांनी सवयीनं सतराचा पाना काढला. जुन्या इंजिनात निदानाची ही राजरीत: इंजिन चालू ठेवून एकेका नोझलचा नट ढिला करायचा, ज्याचा केल्यावर आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर आधीपासूनच झोपलेला. काकांचा हात पायपाकडे गेला आणि पोरगा एवढ्या मोठ्यानं ओरडला की वॉचमन शिट्टी वाजवत आला.

"काका, सोळाशे बार!"

जुना नोझल उघडायला सव्वाशे-दीडशे बार पुरायचे. इथं गाडी नुसती उभी असताना अडीचशे-तीनशे, आणि चढावर सोळाशेच्या आसपास. त्या दाबाचा बारीकसा फवारा हातमोजा आणि कातडी भेदून बोटात शिरतो. वर टाचणी टोचल्याएवढी खूण, आत डिझेल; लगेच ऑपरेशन झालं नाही तर बोट जाऊ शकतं. पोरानं हे सगळं "काका, प्लीज" म्हणत सांगितलं. काकांनी पाना खिशात घातला. मग बाहेर काढला, निरखून पाहिला, आणि वॉचमनकडे ठेवायला दिला.

पण गेले नाहीत. थोड्या वेळानं लॅपटॉपमागून विचारलं, "ह्या दोन रेघा कसल्या?" पोरगा म्हणाला, वरची म्हणजे कॉम्प्युटरनं मागितलेला दाब, खालची म्हणजे मिळालेला. काका खुर्ची ओढून बसले. मागितलं किती आणि मिळालं किती हे शेजारी शेजारी दाखवणारं यंत्र पगारवाढीच्या वाटाघाटींच्या वेळी असतं तर किती बरं झालं असतं, असं ते बराच वेळ बोलत राहिले. नंतर पोरानं चार छोट्या बाटल्या काढल्या आणि चारी इंजेक्टरांच्या परतीच्या तोंडांना जोडल्या. परतीला जास्त डिझेल सोडतो तो इंजेक्टर झिजलेला, आतला दाब गळवणारा. बाटल्या जोडायच्या नळ्या सलाईनच्या होत्या. काकांनी आपल्या खिशातली बाहेर काढून दाखवली. त्यानंतर पोरगा काकांना "सर" म्हणायला लागला.

चारी बाटल्या सारख्याच भरल्या. म्हणजे इंजेक्टर निर्दोष, अंदाजपत्रकातला निम्मा आकडा तिथंच गेला. मग सगळे गाडीत बसून कात्रजच्या चढावर गेले. मांडीवर लॅपटॉप घेतलेला पोरगा पुढं, काका मागं. चढ लागला, वरची रेघ वर गेली, खालची थोडी गेली आणि ढासळली. पोरगा म्हणाला, पंपच असणार. काका म्हणाले, "पंपाला खायलाच मिळालं नाही तर तो दाब कुठनं देईल? थांबल्यावर दहा मिनिटांत बरा होतो असा झिजलेला पंप मी पाहिला नाही. टाकीत बघा."

"टाकीला कधी काही लागलं होतं?" असं त्यांनी तीनशे दोनवाल्यांना परत आल्यावर विचारलं. ते ठामपणे नाही म्हणाले. टाकीतली मोटर बाहेर काढली तर तिच्या बुडाच्या जाळीवर पिवळट, बुळबुळीत साय. मोटर ओढायला लागली की ती साय जाळीला घट्ट बसायची, ओढणं थांबलं की सुटून खाली पडायची. म्हणून दहा मिनिटांचा आराम. काकांनी बोटावर घेऊन हुंगलं. डोळे मिटले, परत हुंगलं. "चंदन," ते म्हणाले.

कुणालाच काही कळेना. तेवढ्यात वर गॅलरीतून तीनशे दोनबाई म्हणाल्या, "अहो, गणपतीपुळ्याहून येताना नव्हता का दगड लागला? तुम्हीच ना लॉजवरचा साबण घासून बुजवलं भोक?" साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे गळती बुजवायला तो रस्त्यावरचा जुना आणि खात्रीचा इलाज आहे. पुढं त्यांनी टाकी बाहेरून नीट करून घेतली होती, पण दाबून आत गेलेला साबण आतच राहिला आणि टाकीच्या तळच्या पाण्यात मऊ होत बसला. तीनशे दोनवाले म्हणाले, "पण तो छोटा होता." लॉजवरचे साबण छोटेच असतात, हे खरं.

त्या दिवसापासून काका आणि तो पोरगा दोघं मिळून गाड्या बघतात. भांडतातही. पोरगा आधी कोड वाचतो, काका आधी मालक वाचतात. कोड फक्त कुठं दुखतंय ते सांगतो, का ते सांगत नाही, यावर मात्र दोघांचं एकमत आहे.

पण आता बघायला गाड्याच कमी होत चालल्यात. २०१२ च्या सुमाराला पेट्रोल आणि डिझेलच्या भावात लिटरमागं तीस रुपयांच्या आसपास फरक होता, तेव्हा घरापासून हिंजवडीपर्यंत जाणाऱ्यांनीही डिझेलच्या गाड्या घेतल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भाव सरकारनं मोकळा सोडला, फरक आटत गेला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि छोट्या डिझेल गाड्या दुकानातून जवळजवळ गेल्याच. ज्या नव्या येतात त्यांच्या धुराड्यात काजळीचा फिल्टर. तो रोजच्या गर्दीत रेंगाळत चालवून तुंबतो आणि मालक परत म्हणतो पंप खराब. मला विचाराल तर आपल्याकडच्या डिझेल गाड्यांचा निम्मा बिघाड गाडी घेताना मालकाच्या हिशेबातच झालेला असतो. काकांना हे बोललेलं आवडत नाही. गिऱ्हाईक तुटतं असं त्यांना वाटतं.

सध्या ते सोसायटीच्या जनरेटरकडे वळलेत. गुरुवारी वीज जाते तेव्हा इतर लोक पंखा नाही म्हणून गॅलरीत येतात. काका जनरेटर ऐकायला खाली जातात. वीज गेली नाही तरी तो दर आठवड्याला दहा मिनिटं चालवावा, नाहीतर टाकीच्या तळाला पाणी साचतं, त्यावर बुरशी धरते आणि ऐन वेळी एअर, असा त्यांनी समितीकडून ठराव करून घेतला. महिनाभरात डिझेलचं बिल वाढलं. खजिनदारांनी हिशेब मागितला. काकांनी वार्षिक सभेत रीतसर तक्ता दिला: तारीख, चालल्याची मिनिटं, लागलेलं डिझेल, धुराचा रंग, आणि शेवटच्या रकान्यात केपीटीएल, ओळीनं सगळीकडे शून्य. खाली शेरा होता: "यंत्र जागचे हलत नसल्याने सुधारणेस वाव नाही." चेअरमननी तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि तक्ता मंजूर झाला. सूचक दोनशे चार, अनुमोदक तीनशे दोन.